‘प्रूव्ह’ या क्रियापदाची कसोटी

शाळेच्या प्रयोगवहीत शेवटी ‘अनुमान’ नावाचा एक रकाना असतो. त्यात आपण बहुतेक वेळा एकाच साच्याचे वाक्य लिहितो : ‘या प्रयोगावरून असे सिद्ध होते की...’ इंग्रजी माध्यमाच्या वहीत त्याच जागी ‘धिस प्रूव्ह्ज दॅट’ असे शब्द येतात. वाक्य लिहून झाले, गुरुजींची सही झाली, की प्रयोग संपला. असली वाक्ये मीही पुष्कळ लिहिली आहेत आणि त्यांच्यापुढे तांबड्या शाईची बरोबरची खूणही मिळवली आहे. पण त्यांपैकी एक वाक्य जरा हलवून पाहिले तर काय होते, ते पाहा.

प्रयोग सर्वांच्या ओळखीचा आहे. एका बशीत पाणी घ्यायचे, मध्यभागी मेणबत्ती उभी करून ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. चढलेले पाणी पेल्याच्या साधारण एक पंचमांश असते. मग आपण लिहितो : ‘मेणबत्तीने पेल्यातील सर्व प्राणवायू वापरला व त्याची जागा पाण्याने घेतली. यावरून हवेत एक पंचमांश प्राणवायू असतो हे सिद्ध होते.’

आता हाच प्रयोग गुरुजींच्या देखरेखीखाली पुन्हा करा. पेला तोच, पाणी तेवढेच. फक्त एका मेणबत्तीऐवजी शेजारी शेजारी तीन मेणबत्त्या लावा. पाणी आधीपेक्षा बरेच वर चढेल. मेणबत्त्या तीन लावल्या म्हणून पेल्यातल्या हवेतील प्राणवायू वाढला काय? अर्थातच नाही. मग आपण आधी जे ‘सिद्ध’ केले होते, त्याचे काय झाले?

पेल्याकडे नीट लक्ष दिले तर आणखी दोन गोष्टी दिसतात. पेला पालथा घालतेवेळी त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात. ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावते आणि तिच्यातली काही निसटून जाते, त्याचे हे बुडबुडे. दुसरी गोष्ट म्हणजे, मेणबत्ती जळत असताना पाणी जेमतेम हलते आणि ती विझल्यावर भरभर चढते. प्राणवायू संपत गेल्यामुळे पाणी चढत असते, तर ते जळण्याच्या काळातच हळूहळू चढायला हवे होते. खरे पाहता विझल्यानंतर आतली हवा थंड होते, आकुंचन पावते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. शिवाय मेण जळताना प्राणवायू नुसता नाहीसा होत नाही. दर तीन घनफळे प्राणवायू खर्च झाला तर सुमारे दोन घनफळे कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो आणि पाण्यात तो काही क्षणात विरघळून जात नाही. त्यावर कडी म्हणजे, मेणबत्ती विझते तेव्हाही पेल्यात बराच प्राणवायू शिल्लक असतो. ज्योतीला पुरेल इतका मात्र तो नसतो. एक पंचमांश हा आकडा हवेच्या बाबतीत खरा आहे. परंतु या प्रयोगात तो योगायोगाने आलेला होता.

म्हणजे अनुमान बरोबर होते, प्रयोगही बरोबर केला होता. चूक होती ती वाक्यातल्या क्रियापदाची. म्हणून या लेखात आपण त्या क्रियापदाचीच ओळख करून घेणार आहोत. इंग्रजीत ते अगदी रोजच्या वापरातले आहे, आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून ‘सिद्ध करणे’ या रूपाने ते आपल्या मराठीतही ठाण मांडून बसले आहे.

‘प्रूव्ह’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनमधल्या ‘प्रोबारे’ या क्रियापदापासून आला. ‘प्रोबारे’ म्हणजे पारखणे, एखादी वस्तू चांगली आहे की नाही हे तपासून पाहणे. त्याच्याही मागे ‘प्रोबुस’ म्हणजे ‘चांगला’ हे विशेषण आहे. याच कुळातले आणखी किती तरी शब्द तुमच्या परिचयाचे असतील. ‘प्रोब’ म्हणजे खोलात शिरून तपास करणे. दूरच्या ग्रहाकडे पाठवलेल्या यानालाही ‘प्रोब’ म्हणतात. ‘अप्रूव्ह’ म्हणजे पारखून पसंती देणे. नोकरीत लागलेल्या नव्या माणसाला आधी ‘प्रोबेशन’वर ठेवतात, म्हणजे त्याची पारख चालू असते. गणितातल्या संभाव्यतेला ‘प्रोबॅबिलिटी’ म्हणतात, तो शब्दही याच घरातला. थोडक्यात, ‘प्रूव्ह’चा मूळ अर्थ ‘कायमचे सिद्ध करणे’ असा नसून ‘कसाला लावून पाहणे’ असा आहे.

हा जुना अर्थ मेलेला नाही. तो इंग्रजीच्या कानाकोपऱ्यांत अजून जिवंत आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात १८१३ साली संसदेच्या कायद्याने एक ‘प्रूफ हाउस’ स्थापन झाले. बंदुकीची नवी नळी तेथे आणायची, तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी फुटली तर बाद. टिकली तर तिच्यावर शिक्का. ओडिशात चांदीपूर येथे आपल्या संरक्षण खात्याची जी संस्था तोफा व दारूगोळ्याच्या चाचण्या घेते, तिच्या इंग्रजी नावातही ‘प्रूफ’ हाच शब्द आहे. तेथे काही कोणी प्रमेये सिद्ध करीत नाही! अशा कसोटीत जो पदार्थ टिकतो त्यालाही ‘प्रूफ’ म्हणू लागले, म्हणून पावसात टिकते ते कापड ‘वॉटरप्रूफ’ आणि गोळीला दाद देत नाही ती काच ‘बुलेटप्रूफ’.

छापखान्यातले ‘प्रूफ’ही तेच. खिळे जुळवून झाले की आधी एक कच्चा छाप काढतात, चुका शोधतात, दुरुस्त करतात आणि मगच पुस्तक छापायला घेतात. हे काम करणाऱ्यास आपण मुद्रितशोधक म्हणतो, पण छापखान्यात सगळे ‘प्रुफे तपासली का?’ असेच विचारतात. गंमत अशी की, येथे ‘प्रूफ’ म्हणजे चुका असण्याची खात्रीच असलेला कागद. पाव भाजणारे लोकही हे क्रियापद वापरतात. यीस्ट घातलेले पीठ फुगण्यासाठी झाकून ठेवणे याला ते ‘प्रूव्ह’ म्हणतात. आणि यीस्ट जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी ते कोमट साखरपाण्यात टाकून फेस येतो का ते पाहणे, यालाही तोच शब्द. फेस आला तर यीस्ट कामाचे.

आपल्या मराठीत या अर्थाला एक फार सुरेख शब्द आहे : कसोटी. कसोटी म्हणजे सोनाराजवळचा काळा गुळगुळीत दगड. सोने त्यावर घासायचे, उमटलेली रेघ माहितीतल्या कसाच्या सोन्याच्या रेघेशी ताडून पाहायची, त्यावर आम्ल लावून ती कितपत टिकते ते बघायचे. ‘कसास लागणे’, ‘कसोटीला उतरणे’ हे वाक्प्रचार तेथूनच आले आणि क्रिकेटच्या टेस्ट मॅचला आपण ‘कसोटी सामना’ म्हणू लागलो. भाषांतर करणाऱ्याने किती अचूक शब्द उचलला पाहा. कारण इंग्रजीतला ‘टेस्ट’ हा शब्दही मुळात धातूंची पारख करण्याच्या मातीच्या भांड्याचे नाव होता. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी सोनाराच्याच दुकानात पोचल्या आहेत.

मग ‘सिद्ध’ हा शब्द कोठून आला? संस्कृतमध्ये ‘सिध्’ म्हणजे पूर्ण होणे, साध्य होणे. ‘सैन्य लढाईस सिद्ध झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते तयार झाले असे आपल्याला म्हणायचे असते. शिजून तयार झालेल्या अन्नालाही ‘सिद्धान्न’ म्हणतात. कोर्टकचेऱ्यांतला ‘शाबीत’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ पक्के, अढळ. म्हणजे आपले हे दोन्ही शब्द काम संपल्यानंतरचे आहेत. ‘प्रूव्ह’ मात्र काम चालू असतानाचा शब्द आहे. इंग्रजी शब्दात भट्टी पेटलेली आहे, मराठी शब्दात दागिना घडून पेटीत गेलेला आहे. म्हणून इंग्रजी वाक्यात ‘प्रूव्ह’ दिसला की डोळे मिटून ‘सिद्ध करणे’ लिहिले तर अर्थ बिघडण्याचा संभव असतो.

जुन्या इंग्रजी अंकगणितांत तर ‘गुणाकार प्रूव्ह करा’ अशी सूचना सरसकट आढळते. तिचा अर्थ ‘गुणाकाराचा ताळा पाहा’ एवढाच. ताळ्याची एक जुनी रीत नऊ वगळण्याची आहे. समजा, ३४७ ला २६ ने गुणून ९०२२ आले. ३४७ मधील अंकांची बेरीज १४ आणि त्यांची पुन्हा बेरीज ५. २६ चे झाले ८. पाच आठे चाळीस, त्याचे ४. आता उत्तर ९०२२ : बेरीज १३, म्हणजे ४. ताळा जमला! पण घाईत कोणी ९२०२ लिहिले असते तर? त्याची बेरीजही १३ आणि शेवटी ४ च. उत्तर चुकीचे, तरी ताळा जमतो. ताळा चुकला तर गणित नक्की चुकले. ताळा जमला तर गणित बरोबर ‘असावे’. या दोन वाक्यांतला फरक लक्षात ठेवा, पुढे त्याची फार गरज पडणार आहे.

इंग्रजीत एक म्हण आहे : पुडिंगचे ‘प्रूफ’ ते खाण्यात असते. पुडिंग चांगले झाले की नाही हे खाऊन पाहिल्यावरच कळते, एवढाच तिचा अर्थ. येथे ‘पुरावा’ हा शब्द घातला तर म्हण अडखळते, ‘पारख’ घातला की नीट चालते. दुसरी म्हण मात्र अधिक घोटाळ्याची आहे आणि ती आपण मराठीतही घेतली आहे : ‘अपवादाने नियम सिद्ध होतो.’ वादविवादात कोणी आपल्या विधानाला छेद देणारे उदाहरण पुढे केले की अनेकजण ही म्हण ढालीसारखी पुढे करतात. हे शुद्ध चुकीचे आहे. ‘सर्व धातू नेहमीच्या तापमानाला घनरूप असतात’ असे मी म्हणालो आणि तुम्ही पाऱ्याचे नाव घेतलेत, तर माझे विधान मोडले. ते सिद्ध कसे होईल? (गॅलियम हा धातू तर ३० अंश सेल्सियसच्या आतच वितळतो, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात माझी आणखीच पंचाईत.)

या म्हणीचे मूळ एका लॅटिन कायदेशीर वचनात आहे. तेथे तिचा अर्थ निराळा व अगदी सरळ आहे. वाचनालयाच्या दारावर ‘सोमवारी बंद’ अशी पाटी असेल, तर इतर दिवशी वाचनालय उघडे असते हे न सांगताच कळते. अपवाद मुद्दाम सांगितला, त्यावरून न सांगितलेला नियम उघड झाला. पाटीवरचा अपवाद आणि पाऱ्याचा अपवाद यांत महदंतर आहे.

रोजच्या बोलण्यात ‘प्रूव्ह’चा आणखी एक उपयोग होतो आणि त्यात तपासणीही नसते, सिद्धताही नसते. रस्ता वाटला होता त्यापेक्षा लांबचा निघाला, औषध उपयोगी ठरले, अंदाज खोटा ठरला, अशा ठिकाणी इंग्रजीत ‘प्रूव्ह’ सहज येतो. मराठीत त्याला ‘ठरणे’ किंवा ‘निघणे’ हेच शब्द हवेत. ‘रस्ता लांब असल्याचे सिद्ध झाले’ असे कोणी लिहिले तर तो माणूस मोजपट्टी घेऊन चालत होता की काय, असे वाटेल. वर्तमानपत्रांतली काही भाषांतरे वाचताना मला नेहमी ही मोजपट्टी आठवते.

आता जेथे ‘सिद्ध करणे’ हेच शब्द शोभतात अशा ठिकाणी जाऊ. ते ठिकाण म्हणजे भूमितीचा तास. पक्ष, साध्य, सिद्धता ही त्रयी तुम्हाला पाठ असते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे वर्गातल्या प्रत्येकाने कोनमापकाने मोजून पाहिले, तर कोणाला १७९ मिळतील, कोणाला १८१, बहुतेकांना १८०. शंभर त्रिकोण मोजले तरी ती सिद्धता नव्हे. पण शिरोबिंदूतून पायाला समांतर एक रेषा काढली आणि व्युत्क्रम कोन समान असतात हे वापरले, की तीन ओळींत काम संपते. मग एकही त्रिकोण मोजण्याची गरज उरत नाही. युक्लिडच्या भूमितीची गृहीतके मान्य असली की जगातला कोणताही सपाट त्रिकोण त्यातून सुटत नाही.

नुसत्या उदाहरणांवर विसंबणे गणितात किती घातक असते याचा एक नमुना पाहा. न ही कोणतीही पूर्ण संख्या घ्या आणि न चा वर्ग अधिक न अधिक ४१ एवढी संख्या काढा. न शून्य असता ४१ मिळतात, १ असता ४३, २ असता ४७, ३ असता ५३, ४ असता ६१. सगळ्या मूळ संख्या. पुढे जा : दहा, वीस, तीस, एकोणचाळीस. न ३९ असता १६०१, तीही मूळ संख्या. ओळीने चाळीस उदाहरणे जमली! आता न ४० घ्या. १६०० अधिक ४० अधिक ४१ म्हणजे १६८१. आणि १६८१ म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस साक्षीदारांनी दिलेली ग्वाही एकेचाळिसाव्याने उधळून लावली. हे सूत्र ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्याच ऑयलरला गोल्डबाखने १७४२ साली एका पत्रातून जो प्रश्न कळवला, त्याचे आजचे रूप असे : २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या ही दोन मूळ संख्यांची बेरीज असते काय? संगणकांनी ४ वर १८ शून्ये इतक्या मोठ्या संख्येपर्यंत प्रत्येक सम संख्या तपासली आहे. एकही अपवाद सापडलेला नाही. तरीही गणिती लोक याला प्रमेय म्हणत नाहीत, ‘अटकळ’च म्हणतात.

सिद्धतेचा हा आग्रह केवळ ग्रीकांचा होता असे मात्र समजू नका. आपल्याकडे ‘उपपत्ती’ हा शब्द होता. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ च्या सुमारास भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. तीत त्यांनी मूळ ग्रंथातल्या नियमांच्या उपपत्ती दिल्या, म्हणजे नियम का खरे आहेत ते उलगडून दाखवले.

न्यायालयातही ‘सिद्ध’ हा शब्द रोज कानी पडतो, पण तेथे त्याचे वजन वेगळे आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात या शब्दाची व्याख्या दिलेली होती आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. तिचा आशय असा, की न्यायालयाची एखाद्या गोष्टीबद्दल खात्री पटली, किंवा ती इतकी संभवनीय वाटली की शहाण्या माणसाने ती आहे असे धरून वागावे, तर ती सिद्ध झाली. म्हणजे कायदा संभवनीयतेला जागा देतो. भूमितीत ‘बहुधा १८० अंश’ असे म्हणून चालत नाही. न्यायालयाला मात्र मर्यादित साक्षीपुराव्यावर आणि मर्यादित वेळात निर्णय द्यावाच लागतो.

स्कॉटलंडमध्ये तर फौजदारी खटल्यांत दोषी आणि निर्दोष यांखेरीज ‘नॉट प्रोव्हन’ असा तिसरा निकाल देण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली होती. २०२५ मध्ये तेथील संसदेने ती रद्द करण्याचा कायदा संमत केला. ‘प्रूव्ह्ड’च्या जोडीला इंग्रजीत ‘प्रोव्हन’ हे जे दुसरे रूप दिसते, ते मुख्यतः स्कॉटलंडच्या या कायद्याच्या भाषेतून पसरले. निकाल गेला तरी त्यातला भेद आपल्या कामाचा आहे : ‘सिद्ध झाले नाही’ आणि ‘खोटे असल्याचे सिद्ध झाले’ या दोन गोष्टी एक नव्हेत. एखाद्या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही असे वैद्यकशास्त्र म्हणते तेव्हा ते औषध निरुपयोगी आहे असा निकाल लागलेला असतोच असे नाही. आणि त्यात गुण आहे असाही लागलेला नसतो.

राहिले विज्ञान. विज्ञानातले ‘प्रूव्ह’ कोणत्या जातीचे? भूमितीतले, न्यायालयातले, की बंदुकीच्या नळीचे?

युरेनस हा ग्रह हर्शेलने १७८१ साली शोधला. पुढे त्याची चाल न्यूटनच्या नियमावरून केलेल्या गणिताशी जुळेना. तेव्हा त्याच्या पलीकडे आणखी एखादा ग्रह असून तो युरेनसला ओढत असावा, अशी कल्पना निघाली. इंग्लंडमध्ये ॲडम्सने आणि फ्रान्समध्ये ल व्हेरिएने त्या न पाहिलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली. ल व्हेरिएचे पत्र हाती पडताच बर्लिनच्या वेधशाळेत गाले याने २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आतच नेपच्यून सापडला! न्यूटनचा नियम सिद्ध झाला, असे म्हणावयास याहून चांगला मुहूर्त कोणता?

परंतु बुधाचीही एक तक्रार होती. त्याच्या कक्षेचे सूर्याला सर्वांत जवळचे टोक जितके सरकायला हवे त्यापेक्षा थोडे अधिक सरकते. ही जास्तीची सरक शंभर वर्षांत अवघी ४३ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. ल व्हेरिएने १८५९ मध्ये पूर्वीचाच हुकमी उपाय सुचवला, की सूर्य व बुध यांच्यामध्ये न दिसलेले काही तरी फिरत असावे. ग्रहाला ‘व्हल्कन’ असे नावही मिळाले. कोणी कोणी तो पाहिल्याचेही सांगितले. पण व्हल्कन कोठेच नव्हता. अखेर नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा त्या ४३ विकला त्यातून आपोआप निघाल्या. म्हणजे जी युक्ती एका ठिकाणी विजयी झाली तीच दुसऱ्या ठिकाणी फसली. १८४६ च्या त्या रात्री न्यूटनचा नियम सिद्ध झालेला नव्हता. तो एका कडक कसोटीला उतरला होता. बुधाच्या कसोटीला तो उतरला नाही. आजही याने पाठवण्याचे बहुतेक गणित न्यूटनच्या नियमानेच होते, कारण तेथे तो पुरतो. सोने बावीस कॅरटचे निघाले म्हणून कोणी ते फेकून देत नाही.

तेव्हा विज्ञानातले ‘प्रूव्ह’ हे बर्मिंगहॅमच्या बंदुकीच्या नळीच्या जातीचे आहे. शेकडो बार सोसलेली नळी चांगली म्हणायची, तिच्यावर भरवसा ठेवायचा. पण त्याहून मोठा बार भरला तर काय होईल हे बार काढल्यावरच कळणार. आणि ताळ्याप्रमाणे येथेही दोन बाजू सारख्या नाहीत. व्यवस्थित केलेला, पुन्हा पुन्हा पडताळलेला एक प्रयोग नियमाला खोटा पाडू शकतो. हजार प्रयोग मात्र त्याला भूमितीतल्या प्रमेयासारखा सिद्ध करू शकत नाहीत.

म्हणून जाणकार शास्त्रज्ञ आपल्या निबंधात ‘प्रूव्ह’ हे क्रियापद फार काटकसरीने वापरतात. इंग्रजीत त्याला शेजारी भरपूर आहेत. आकडे एखाद्या दिशेला बोट दाखवत असतील, पण खात्री नसेल, तर ‘सजेस्ट’ किंवा ‘इंडिकेट’. मराठीत ‘सूचित होते’, ‘असे दिसते’. निरीक्षण स्वच्छ असेल तर ‘शो’, म्हणजे ‘दाखवते’. सर्वांसमोर करून दाखवले तर ‘डेमॉन्स्ट्रेट’. आपला ‘प्रात्यक्षिक’ हा शब्द त्याचाच. दुसऱ्याने काढलेला निष्कर्ष स्वतंत्रपणे पुन्हा मिळाला तर ‘कन्फर्म’, म्हणजे ‘दुजोरा मिळतो’. आणि माहीत असलेला नियम आपल्या हाताने पाहायचा असेल तर ‘व्हेरिफाय’, म्हणजे ‘पडताळून पाहणे’.

हा शेवटचा शब्द तुमच्या प्रयोगशाळेत आहेच. ‘ओहमचा नियम पडताळून पाहणे’ असेच प्रयोगाचे शीर्षक असते, ‘सिद्ध करणे’ असे नसते. आणि ते ज्याने कोणी लिहिले त्याने फार विचार करून लिहिले आहे. तुम्ही ज्या तारेवर प्रयोग करता ती नियम पाळते. पण तारेच्या जागी जुन्या पद्धतीचा तंतूचा दिवा लावा. दाब वाढवत गेलात की तंतू तापतो, त्याचा रोध वाढतो आणि विद्युतप्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढायचे सोडून मागे पडू लागतो. आलेख सरळ न येता वाकतो. तारेवरच्या प्रयोगाने तुम्ही सर्व वाहकांसाठी ओहमचा नियम ‘सिद्ध’ केला असता, तर या दिव्याने तुम्हाला खोटे पाडले असते. ‘या तारेसाठी, तापमान फारसे न बदलता, नियमाचा पडताळा आला’ असे लिहिले असेल तर दिवा तुमचे काहीच बिघडवू शकत नाही.

वाण्याच्या दुकानातली वेष्टने आता या नजरेने वाचून पाहा. ‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ असे शब्द किती डब्यांवर आहेत ते मोजा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा : काय सिद्ध? कोणत्या कसोटीवर? किती लोकांवर, कशाशी तुलना करून? डब्यावर याचे उत्तर सहसा नसते.

आता पुन्हा त्या पेल्याकडे वळू. हवेतल्या प्राणवायूचे प्रमाण शाळेतल्या सामानाने खरोखर मोजता येते काय? येते. फक्त मेणबत्तीऐवजी गंज वापरायचा. एक परीक्षानळी आतून ओली करा. तिच्यात लोखंडाचा कीस टाकून नळी फिरवा, म्हणजे तो आतल्या बाजूला चिकटेल. नळी पाण्याच्या भांड्यात उलटी उभी करा आणि आत-बाहेर पाण्याची पातळी एक असेल तेथे दोरा बांधा. येथे ज्योत नाही, म्हणून हवा तापून निसटत नाही. गंज हा घन पदार्थ असल्यामुळे प्राणवायूच्या बदल्यात दुसरा वायूही तयार होत नाही. काही दिवसांत पाणी हवेच्या स्तंभाच्या सुमारे एक पंचमांश चढते आणि तेथेच थांबते. शेजारी दुसऱ्या नळीत दुप्पट कीस घालून ठेवा. मेणबत्त्या वाढवल्या तेव्हा पाणी अधिक चढले होते. येथे, दोन्ही नळ्यांत कीस पुरेसा असेल तर, पातळी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच राहायला हवी.

ती राहते की नाही, ते तुम्हीच रोज एका ठरावीक वेळी दोऱ्याजवळ खूण करून पाहा. आणि आठवड्याने वहीतला ‘अनुमान’ हा रकाना भरायला घ्याल तेव्हा ‘सिद्ध होते’ हे शब्द लिहिण्याआधी क्षणभर थांबून वरच्या यादीतला कोणता शब्द तेथे बसतो, ते ठरवा.